खानदेशात श्रवणयंत्र: कान तपासण्यापासून ते यंत्र रोज कानात राहीपर्यंत

यंत्र मिळत नाही ही तक्रार खरी आहे. पण मिळालेली कितीतरी यंत्रं फडताळात, देवळीत, पत्र्याच्या पेटीत पडून असतात, हेही तितकंच खरं. अशा पडून असलेल्या यंत्रांची चौकशी केली की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक, साचा, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला यंत्राचा कानात बसणारा भाग, नीट बसत नव्हता. दोन, बॅटरी संपली आणि दुसरी कोणती आणायची ते कळलं नाही. म्हणून जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने 'यंत्र कुठे फुकट मिळतं' इथून सुरुवात करू नये. हाती घेणारा नातू असो, आशाताई असो, अंगणवाडीताई असो की ग्रामपंचायत सदस्य, क्रम एकच: आधी कानाचा डॉक्टर, मग ऐकण्याची तपासणी, मग प्रमाणपत्र, मग योजना, मग साचा आणि जोडणी, आणि त्यानंतर निदान दोन-तीन फेऱ्या. क्रम उलटा केला की एसटीचं भाडंही जातं आणि दिवसाची मजुरीही.

घरी आधी काय पाहायचं

म्हातारपणी कमी होणारं ऐकणं बहुधा वरच्या पट्टीपासून जातं. 'आवाज येतो पण बोलणं समजत नाही' ही तक्रार त्यातूनच येते. 'स', 'श', 'फ', 'थ' ही बारीक व्यंजनं निसटतात. बाईमाणसाचा आणि लहान मुलाचा आवाज पुरुषाच्या जाड आवाजापेक्षा आधी हरवतो. 'बाबा मुलाचं बरोबर ऐकतात, सुनेचंच ऐकत नाहीत' हे भांडण ज्या घरात आहे, तिथे स्वभावाआधी कान तपासावा.

कुजबुज चाचणी घरच्या घरी होते. माणसाला खुर्चीवर बसवा, टीव्ही आणि पंखा बंद करा. त्याच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर उभे राहा, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत. जो कान तपासायचा नाही, त्याच्या भोकापुढचा मऊ उंचवटा बोटाने दाबून हलकेच चोळत राहा. मग पूर्ण श्वास सोडून कुजबुजत्या आवाजात तीन गोष्टी म्हणा: 'सात, क, दोन'. तिन्ही बरोबर सांगितल्या तर तो कान ठीक धरायला हरकत नाही. चुकला तर वेगळ्या तीन म्हणा. सहापैकी निम्म्याहून कमी बरोबर आल्या, तर तपासणीला न्यायचंच. घरात अहिराणी, भिली किंवा पावरी बोलत असतील तर आकडे आणि शब्दही त्याच बोलीतले घ्या. नाहीतर तुम्ही कान तपासताय की शाळेतली मराठी, हेच कळणार नाही.

आधी कानाचा डॉक्टर

श्रवणयंत्राआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कान आतून पाहिलाच पाहिजे. मळ घट्ट बसला असेल, पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर आधी त्यावर इलाज. मळाचा बोळा निघाल्यावर यंत्राची गरजच उरली नाही, असंही होतं. वाहत्या कानात साचा बसवला तर पू आत कोंडतो आणि यंत्राच्या नळीतही शिरतो.

शासकीय सेवेत हे तज्ज्ञ धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत भेटतात. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कानाचा डॉक्टर रोज असेलच असं नाही. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला जायचं. निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: कानाची ओपीडी कोणत्या वारी असते आणि ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवरची ऐकण्याची तपासणी, त्याच दिवशी होते का. अक्कलकुवा किंवा धडगावहून घाट उतरून येणाऱ्याला 'मशीनवाले आज रजेवर आहेत' हे वाक्य फार महाग पडतं.

लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं, गरम असेल तर कातडी भाजते, आणि मळ त्यात फुगून आणखी घट्ट बसतो. तपासणीआधी तेल, काडी, हेअरपिन यातलं काहीच नको.

काही लक्षणांना मात्र शिबिराची वाट पाहायची नसते. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने ऐकू येणं बंद झालं, तर ती तातडीची बाब आहे. यावरचं औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर उपयोगी पडतं, महिन्याने जाऊन फारसा फायदा नसतो. एकाच कानात सतत आवाज घुमणं, ऐकणं कमी होण्यासोबत चक्कर येणं, कानातून रक्त किंवा वास येणारा पू, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, यांनाही लगेच डॉक्टर. क्षयरोगासाठी अमिकॅसिनसारखी इंजेक्शनं चालू असताना कानात आवाज येऊ लागला किंवा ऐकणं घटलं, तर औषध स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी उपचार देणाऱ्यांना सांगा. या औषधांनी जाणारं ऐकणं परत येत नाही.

तपासणीचा दिवस

मोठ्या माणसाची मुख्य तपासणी म्हणजे प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं किंवा बोट वर करायचं. कानामागच्या हाडावर एक ठोकळा ठेवून दुसरी फेरी होते. दोष पडद्याकडच्या भागात आहे की आतल्या नसेकडे, ते त्यावरून ठरतं.

ही तपासणी फसते ती साध्या कारणांनी. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये किंवा ट्रॅक्टरवर रात्रपाळी करून माणूस सकाळी थेट आला, तर कान तात्पुरते बधिर असतात आणि आलेख, म्हणजे तपासणीचा निकाल दाखवणारा कागद, खोटा वाईट येतो. आदल्या संध्याकाळपासून मोठ्या आवाजापासून लांब राहिलेलं बरं. लग्नाच्या डीजेपुढे नाचून दुसऱ्या दिवशी कान तपासायला येणं म्हणजे खेप वाया घालवणं. दुसरं कारण भाषेचं. बटण दाबायला भाषा लागत नाही, पण 'अगदी बारीक आला तरी दाबा' ही सूचना समजायला लागते. सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या आजीला ही सूचना मराठीत दिली तर ती फक्त मोठा आवाज आल्यावरच दाबते, आणि कागदावर तिचं ऐकणं आहे त्याहून वाईट उतरतं. शब्द म्हणून घेतलेल्या चाचणीत तर हा फरक आणखी वाढतो. सोबत बोली जाणणारं कोणीतरी न्या आणि सूचना त्याच्याकडून द्यायला लावा. मात्र चाचणी चालू असताना त्याने खुणा करायच्या नाहीत.

आलेख हाती आला की एवढं वाचता आलं पाहिजे: लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडून उजवीकडे जाड आवाजापासून बारीक आवाजाकडे, २५० ते ८००० हर्ट्झ. वरून खाली डेसिबल, म्हणजे आवाजाचा जोर, वाढत जातात, म्हणजे रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. माणसाचं बोलणं या कागदावर जिथे पडतं तो पट्टा केळीच्या आकाराचा दिसतो आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवणारे तज्ज्ञ, त्याला केळीच म्हणतात, त्यामुळे रावेर-यावलकडे हे समजावायला फार वेळ लागत नाही. रेघ केळीच्या खाली गेली, की तेवढं बोलणं कानापर्यंत पोहोचत नाही. या कागदाच्या तीन झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर तो मागतात.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि चाळीस टक्क्यांचं गणित

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, कार्डासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि चालू मोबाइल नंबर एवढं लागतं. आपले सरकार केंद्रात भरून घेता येतो. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. घाईत चुकीचं निवडलं, तर तुम्ही एका रुग्णालयात आणि अर्ज दुसऱ्याच्या यादीत, असं होतं. नोंदणी क्रमांकाची पावती जपून ठेवा आणि प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं मंडळ बसतं त्या दिवशीच जा. बाहेरचा आलेख दाखवला तरी मंडळ स्वतःची तपासणी करून घेतं. उत्तरं जुळत नसतील तर बेरा, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून करायची कानाच्या नसेची तपासणी, करायला सांगतात. म्हणून 'जास्त टक्के मिळावेत' म्हणून मुद्दाम बटण न दाबण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बेरात नसेचा प्रतिसाद थेट मोजला जातो. तिथे नाटक चालत नाही, उलट दोन-तीन फेऱ्या वाढतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट असेल तर कर्णबधिर, आणि ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर ऐकू कमी येणारे, अशी व्याख्या आहे. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देतात: चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले ५, त्यात वाईट कानाची मिळवायची, आणि ६ ने भागायचं. चांगला कान ३० टक्के आणि वाईट ९० टक्के असेल, तर १५० अधिक ९० म्हणजे २४०, भागिले ६ म्हणजे बरोबर ४०. पण एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर शंभराला सहाने भागून १७ च्या आतच येतात. एक कान गेलेल्यांचा अर्ज इथे अडतो तो म्हणून, कोणी मुद्दाम अडवत नसतं.

खरी पंचाईत मधल्यांची होते. पन्नास डेसिबलच्या आसपास घट असलेल्या माणसाला यंत्राची गरज रोज असते, पण प्रमाणपत्राचे चाळीस टक्के भरत नाहीत. त्याच्यासाठी दिव्यांगांच्या योजनेमागे न धावता वयाची योजना पाहायची.

पैशाच्या वाटा

एडिप ही दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना १९८१ पासून आहे. ४० टक्के प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि मागच्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून घेतलेलं नसणं, या मुख्य अटी. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एकच वर्ष आहे. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या खर्चात. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. ६० वर्षांवरच्या दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी. दोन्हींची साधनं बहुधा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यामार्फत येतात, आणि दोन्हींत शिबिरं दोन असतात. पहिल्यात मोजमाप, काही महिन्यांनी दुसऱ्यात वाटप. पहिल्या शिबिरात नाव नोंदवलं नसेल तर वाटपाच्या दिवशी मंडपात जाऊन काही मिळत नाही. शिबिराची तारीख जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, सहायक आयुक्त समाजकल्याण यांचं कार्यालय किंवा पंचायत समितीत कळते.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर साधन घेण्यासाठी ३,००० रुपये एकदाच, आधार जोडलेल्या खात्यात. खरेदीची पावती द्यावी लागते, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर काही घेऊ नका. तीन हजारांत चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, हे आधीच घरच्यांना सांगा. पण साचा, नळ्या आणि वर्षाच्या बॅटऱ्या यांना या रकमेचा मोठा आधार होतो. योजनेत काय बसतं ते कार्यालयात विचारून मगच खर्च करा.

सगळ्यात कमी वापरली जाणारी वाट गावातच आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लेखी अर्ज, यूडीआयडीची झेरॉक्स आणि दरपत्रक जोडून ग्रामसेवकाकडे द्या, पोच घ्या, आणि विषय ग्रामसभेत मांडा. एका माणसासाठी मागण्यापेक्षा 'गावातल्या सहा जणांच्या वर्षाच्या बॅटऱ्या' अशी मागणी मंजूर करणं सदस्यांनाही सोपं जातं.

खासगी दुकानातून घेणार असाल तर जोडणी करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी नसलेला माणूस यंत्र विकू शकेल, पण ते तुमच्या आलेखाप्रमाणे बसवण्याचं शिक्षण त्याच्याकडे नसतं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात लावलेला दिसला तर कशावर ते विचारा. बाजारात किंवा मोबाइलवर हजार-पाचशेला मिळणारं 'कानाचं मशीन' सगळेच आवाज सारखे मोठे करतं. वरच्या आवाजाला मर्यादा नसल्याने भांडं पडलं तरी कानात ठणका बसतो, आणि माणूस सगळ्याच यंत्रांना नकार द्यायला शिकतो.

यंत्र कोणतं, आणि साचा का

कानामागचं यंत्र आपल्या भागासाठी बहुतेकांना बरं पडतं: बटणं हाताला लागतात, बॅटरी मोठी, दुरुस्ती सोपी. कानाच्या आत पूर्ण जाणारं छोटं यंत्र दिसत नाही म्हणून मागतात, पण त्याची बॅटरी इवलीशी, मळाने लवकर बंद पडणारी, आणि कापसाच्या बोंडांनी खरबरीत झालेल्या बोटांना ती बदलताच येत नाही. खिशातलं वायरचं यंत्र कापडावर घासून खरखरतं, वायर तुटते, पण हात थरथरणाऱ्या फार वृद्ध माणसाला तेच सांभाळता येतं, त्यामुळे ते अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही. चार्जिंगचं यंत्र घेण्याआधी रात्री वीज किती वेळ असते ते पाहा. जिथे रात्ररात्र लाइट नसते तिथे साधी बॅटरीच बरी.

घट दोन्ही कानांत असेल तर दोन यंत्रांनी बोलणं जास्त समजतं आणि आवाज कुठून आला तेही कळतं. एकाचेच पैसे असतील तर कोणत्या कानाला, ते ऑडिओलॉजिस्टला ठरवू द्या. नेहमी वाईट कानालाच लावायचं असतं असं नाही.

आता साचा. जास्त घट असलेल्या कानाला तयार रबरी टोपी चालत नाही. फटीतून आवाज बाहेर येतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. माप घेताना आधी दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा बोळा कानात खोल ठेवतात, म्हणजे मापासाठी भरायचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. मग सिलिकॉनचा मसाला पिचकारीने भरतात आणि काही मिनिटांत तो घट्ट झाला की अख्खा ठसा बाहेर काढतात. बोळा न ठेवता मसाला भरायला कोणी निघालं तर थांबवा. ठशावरून कडक किंवा मऊ साचा तयार होऊन यायला काही दिवस लागतात, म्हणजे दुसरी फेरी ठरलेली. वाटप शिबिरात तयार टोपी लावून यंत्र हातात दिलं असेल, तर साच्याची ही फेरी तुम्हालाच लावून घ्यायची आहे. मुलांचा कान वाढत असल्याने लहान वयात दर तीन ते सहा महिन्यांनी नवा साचा लागतो.

जोडणीच्या वेळी यंत्र संगणकाला जोडून आलेखाप्रमाणे बसवतात. तिथून उठण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. तुम्ही मागे उभे राहून एक मीटर आणि तीन मीटरवरून बोलून पाहा. टेबलावर स्टीलचा पेला आपटून माणूस दचकून कान धरतो का ते पाहा, धरत असेल तर कमाल आवाज कमी करून घ्या. आणि बॅटरी काढणं-घालणं, साचा बसवणं हे सगळं त्या माणसाच्याच हाताने तीनदा करून घ्या. मुलाने शिकून उपयोग नाही, मुलगा दिवसभर शेतात असतो.

पहिला महिना

पहिल्या दिवशी बाजारात घालून जाऊ नये. शांत घरात एक-दोन तास, एकाच माणसाशी बोलणं. चार-पाच दिवसांनी ओटा, अंगण, शेजार, मग चहाची टपरी, आणि लग्न किंवा आठवडे बाजार सर्वांत शेवटी. ज्या आवाजांची सवय वर्षानुवर्षं सुटली आहे, म्हणजे पंखा, पिशवीची सळसळ, भांडी, ते सुरुवातीला त्रास देतात, आणि मेंदूला ते मागे टाकायला काही आठवडे लागतात. स्वतःचा आवाज घुमतो अशी तक्रार आली तर साच्यातलं हवेचं छिद्र मोठं करता येतं. कान दुखत असेल तर सहन करत बसू नका, साचा घासून मिळतो. दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी आणि तीन महिन्यांनी दुसरी, ही जोडणीचाच भाग आहे. घरच्यांसाठी नियम एकच: समोर येऊन, तोंड दाखवून, सावकाश बोला. यंत्र लावल्यावर ओरडून बोललं तर आवाज फाटतो.

बॅटरी, घाम, तेल, उन्हाळा

कानामागच्या यंत्रात बहुधा झिंक-एअर बॅटरी असते आणि तिचं माप स्टिकरच्या रंगावरून ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढला की हवा लागून ती चालू होते, आणि पुन्हा चिकटवून थांबत नाही. म्हणून वापरायच्या वेळीच काढायचा, आणि काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची. रात्री बॅटरीचा दरवाजा उघडा ठेवायचा. १३ नंबरची एक बॅटरी दहा दिवसांच्या आसपास चालते असं धरलं, तर दोन यंत्रांना वर्षाला ७३, म्हणजे सहाची साधारण बारा पाकिटं. पण बारा एकदम घेऊ नका, तीन-चार महिन्यांपुरतीच घ्या आणि मुदतीची तारीख पाहा. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात या बॅटऱ्या आतून सुकतात आणि लवकर मरतात. पाकीट माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, पण फ्रिजमध्ये नको, तिथे दव धरतं. मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत यंत्र विसरलं तर ते भाजतं. वापरलेली बॅटरी पोराने गिळली तर अन्ननलिका जळते. लगेच दवाखाना, ओकारी काढायची नाही.

उन्हाळ्यात डोक्याला रुमाल किंवा उपरणं गुंडाळलं की ते कानावर येतं, माइक झाकला जातो आणि शिट्टी वाजते. यंत्र बिघडलं म्हणून परत आणणाऱ्यांत असे बरेच असतात. रुमाल कानाच्या वर बांधायचा. केसांना तेल आधी लावून, हात आणि कान पुसून, मग यंत्र. तेलाने माइकची बारीक भोकं बुजतात. अंघोळ, झोप आणि औषध फवारणीच्या वेळी यंत्र काढून ठेवायचं.

आवाजच येत नसेल तर याच क्रमाने पाहा: दरवाजा पूर्ण बंद आहे का, बॅटरीची अधिक खूण वर आहे का, नवी बॅटरी घालून काय होतं, साच्याच्या भोकात मळ आहे का, नळीत पाण्याचे थेंब दिसतात का. यंत्र चालू करून मुठीत धरलं की बऱ्याच यंत्रांत शिट्टी येते. आली तर यंत्र जिवंत आहे, अडथळा साच्यात किंवा नळीत आहे. साचा नळीसकट यंत्रापासून वेगळा करून आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, रबरी फुग्याने नळीतलं पाणी उडवायचं आणि पूर्ण वाळल्यावर जोडायचा. यंत्राला मात्र पाणी लावायचं नाही. नळी पिवळी आणि कडक झाली की बदलायची, साधारण सहा महिन्यांनी. पावसाळ्यात रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, बॅटरी बाहेर काढून.

मुलांचं वेगळं

मोठ्यांच्या बाबतीत सहा महिने उशीर झाला तर गैरसोय होते. मुलाच्या बाबतीत त्याच सहा महिन्यांत भाषा जाते. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत यंत्र, हा जगभर मानलेला हिशेब आहे. मूल जन्मल्यावर काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल, गरोदरपणी आईला रुबेला झाला असेल किंवा घराण्यात लहानपणापासून बहिरेपण असेल, तर वाट न पाहता तपासा. मागे थाळी वाजवून मूल वळलं म्हणजे ऐकू येतं, असं नाही. थाळीचा आवाज मोठा असतो, तिची थरथरही जाणवते. बोलण्यातली बारीक व्यंजनं त्याला ऐकू येतात का, ते थाळी सांगत नाही. सहा महिन्यांचं मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊन एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर 'याचे वडीलही उशिरा बोलले' म्हणून सोडू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी असलं पाहिजे, मजुरीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांची मुलं इथेच सुटतात. पथकाकडून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. बाळाची बेरा तपासणी झोपेत करतात. त्या दिवशी पहाटे लवकर उठवा आणि एसटीत झोपू देऊ नका. बसमध्ये दोन तास झोपलेलं बाळ टेबलावर टक्क जागं राहतं आणि तारीख पुढे जाते. आदल्या दिवशी न्हाऊ घाला आणि कपाळाला, कानामागे तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. झोपेचं औषध तिथले डॉक्टर देतील, घरून काही पाजून नेऊ नका.

यंत्राने पुरेसा फायदा होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या साधनाचा, विचार होतो. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी एडिपमध्ये पाच वर्षांची मर्यादा आहे, आणि त्याआधी काही महिने श्रवणयंत्र वापरून पाहिलेलं असावं लागतं, म्हणून चार वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहणं परवडत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् श्रवण संस्था १९८३ पासून आहे. मार्गदर्शन आणि अर्ज तिथे होतो. भुसावळ-जळगावहून जाणारे दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या लोकलने वांद्र्याला जातात. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन वर्षं नियमित बोलण्याचं प्रशिक्षण लागतं. त्यासाठी आठवड्याला कोण नेणार, हे ठरल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका.

गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी

एका वहीत एवढे रकाने पाडा: नाव, वय, मोबाइल, कुजबुज चाचणी, कानाच्या डॉक्टरची तारीख, आलेख आहे का, यूडीआयडी क्रमांक, यंत्राची कंपनी आणि अनुक्रमांक, बॅटरीचा नंबर, साच्याची तारीख, पुढची फेरी. एका खेपेला पाच-सहा जणांपेक्षा जास्त नेऊ नका. ऑडिओमेट्रीला प्रत्येकी अर्धा तास लागतो आणि दुपारनंतर मशीनची खोली बंद होते. सोबत आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती. चाळीस टक्क्यांवरचं कार्ड मिळाल्यावर एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, म्हणजे पुढच्या फेऱ्या स्वस्तात होतात. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

गावात तपासणी शिबिर घेणार असाल तर जागा रस्त्यापासून आणि पिठाच्या गिरणीपासून लांब हवी. शाळेचा मागचा वर्ग चालतो, समाजमंदिर घुमतं म्हणून चालत नाही. तिथे झालेली चाचणी फक्त निवड करण्यापुरती. तिच्यावरून यंत्र देऊ नका.

आशाताईकडे किंवा किराणा दुकानात बॅटरीची छोटी पेटी ठेवली की निम्मी यंत्रं बंद पडायची थांबतात. बहुधा १३ आणि ६७५ नंबर पुरतात, वहीतून मोजून घ्या. एखादा वापरणारा वारला तर घरचे यंत्र शेजाऱ्याला देऊन टाकतात. ते तसंच दुसऱ्याच्या कानात घालायचं नाही, त्यातला आवाज पहिल्या माणसाच्या आलेखाप्रमाणे बसवलेला असतो. यंत्र वहीत जमा करा, नव्या माणसाचा आलेख आणि यंत्र दोन्ही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा, त्याच्या आलेखाप्रमाणे पुन्हा बसवून घ्या आणि साचा नवा करा.